खिडकीची चौकट : साग, पोलाद, ॲल्युमिनियम आणि हरवलेली सावली

घर बांधायला काढले की हल्ली पहिला वाद खिडकीवरून होतो. आजोबांना सागवानी चौकट हवी असते. मुलगा ॲल्युमिनियमचा हिशेब मांडतो. सुनेने नातेवाइकांकडे पांढऱ्या यूपीव्हीसीच्या खिडक्या पाहिलेल्या असतात. गवंडी म्हणतो, सिमेंटची चौकट बसवा, वाळवीची कटकट नको. आणि गंमत अशी, की प्रत्येकाची खात्री असते, आपल्याच चौकटीने घर थंड राहणार.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पोटापाण्याने मास्तर. इमारत बांधणे हा माझा विषय नव्हे. पण या वादात इतिहासाची साक्ष कोणीच काढत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्या मुलखातील खिडकीची मागची तीनशे-चारशे वर्षे पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. चौकट कशाची करायची हे उन्हाकडे पाहून फारसे कधी ठरलेच नाही. जंगल कोणाच्या ताब्यात आहे, बंदर किती लांब आहे, आगगाडी कधी आली, कारखाना कुठे निघाला यांवरून ते ठरत गेले. ऊन अडवण्याचे काम घरातल्या दुसऱ्याच गोष्टी करीत होत्या. चौकट बदलता बदलता त्या गोष्टी एकेक करून घरातून निघून गेल्या आणि त्यांचे ओझे आपण बिचाऱ्या चौकटीवर टाकले.

शब्दांपासून सुरुवात करू. संस्कृतातील 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा, भिंतीतले लहानसे गोल भोक. खिडकीला कन्नडमध्ये 'किटकी' म्हणतात आणि चौकटीला 'चौकट्टु'. दोन्ही भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. गोव्यात गेले की हीच खिडकी 'जनेल' होते, कारण पोर्तुगीज 'जनेला' तिथे घराघरांत शिरला. आणि आपण काचेला म्हणतो तो 'तावदान' हा शब्द फारसीतून आलेला. त्यातल्या 'ताब'चा अर्थ प्रकाश असाही होतो आणि ताप, उष्णता असाही होतो. उजेड आत घ्यायचा म्हटले की ऊबही त्याच वाटेने येते, हे त्या एका शब्दात आधीच येऊन बसले आहे.

जे उगवले ते लावले

बेळगाव जिल्हा एकच, पण त्यात हवामाने दोन-तीन आहेत. पश्चिमेला खानापूर म्हणजे सह्याद्रीचा उतार, धो धो पाऊस आणि दाट झाडी. पूर्वेला अथणीकडे सरकावे तसा पाऊस तुटत जातो, माळ उघडा पडतो आणि पुढे जत, विजापूर, सोलापूरचा कडक उन्हाळा सुरू होतो. जुन्या घरांच्या खिडक्या या दोन टोकांना पूर्ण वेगळ्या होत्या.

अथणीच्या बाजूचे जुने घर दगडामातीचे, वर धाबे. भिंती दीड-दोन हात जाड. अशा घराला खिडक्या मोजक्या, त्याही उंचावर आणि लहान. रस्त्याच्या बाजूला तर बहुधा नाहीतच. उजेडासाठी धाब्यात ठेवलेले भोक आणि मधला उघडा चौक. चौकट असे ती कडुलिंबाची किंवा बाभळीची. दोन्ही झाडे बांधावर उगवणारी. लिंबाला कीड सहसा लागत नाही, बाभूळ कठीण, म्हणून बैलगाडीलाही तीच. साग मिळत नव्हता असे नाही, पण तो लांबून आणावा लागे आणि ते श्रीमंतांचे काम होते. विजापूरच्या असार महालाला सागवानाचे प्रचंड खांब आहेत. मुहम्मद आदिलशहाच्या काळातली, 1646च्या सुमाराची ही इमारत. विजापूरच्या माळावर साग उगवत नाही. एवढे मोठे ओंडके पश्चिमेच्या घाटातल्या जंगलांतूनच आले असणार. बादशहाला ते शक्य होते, कुणब्याला नव्हते.

खानापूर, चंदगड, सुपे या भागांत उलट. लाकूड दारात, पण पाऊस डोक्यावर. तिथे घराचे छप्पर भिंतीबाहेर दोन-तीन हात पुढे काढीत. खालच्या ओसरीमुळे भिंतीला ना पाऊस लागे ना ऊन. खिडकीला लाकडी गज, आतून फळ्यांच्या दोन झडपा आणि मधे अडसर. काच नाहीच. उन्हे वर आली की झडप लोटायची, संध्याकाळी सताड उघडायची. हा रिवाज बायकामाणसांच्या इतका अंगवळणी पडलेला होता, की तो कोणी लिहून ठेवला नाही.

थोडक्यात, एकीकडे जाड भिंत आणि लहान भोक, दुसरीकडे लांब पागोळी आणि ओसरी. चौकट इकडे लिंबाची, तिकडे सागाची किंवा फणसाची. दोन्ही घरे आपापल्या जागी थंड.

लाकडावरचा राज्याचा हक्कही जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय आला आहे. साग वगैरे झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आंबा-फणसाचीही लाकडे उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय सर्वांना ठाऊक आहे. रयतेच्या चौकटीत आंबा-फणस का दिसतो आणि साग का कमी दिसतो, याचा एक धागा इथे सापडतो. साग आधी जहाजाचा, मग वाड्याचा आणि उरलाच तर घराचा.

शिंपल्यांची तावदाने

घाट उतरून गोव्यात गेलो की वेगळाच तोडगा दिसतो. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळात गोव्याच्या घरांना शिंपल्यांची तावदाने बसवीत. खाडीच्या चिखलात मिळणारा हा चपटा, पातळ शिंपला घासून चौकोनी कापला की दुधी काचेसारखा होतो. लाकडाच्या अरुंद पट्ट्यांना खाचा पाडून त्यांत हे तुकडे एकाखाली एक सरकवीत. पणजीत, म्हापशात, मडगावात जुन्या घरांना अशा खिडक्या आजही आहेत. फिलिपाइन्समध्येही याच जातीचा शिंपला खिडक्यांना लावण्याची पद्धत होती.

या खिडकीचा गुण तिच्या लाकडात नव्हता. शिंपला उजेड आत घेतो, पण उन्हाची तिरीप फोडून मऊ करतो. आत बसणाऱ्याला बाहेरचे दिसत नाही, हा तोटा. पुढे काच स्वस्त झाली आणि लोकांनी शिंपले काढून काचा बसवल्या. चौकट तीच राहिली. घरात उजेड वाढला आणि पाठोपाठ उकाडाही वाढला. चौकट न बदलता खिडकी गरम कशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही.

सागाचे राजकारण

1799 साली टिपू पडला आणि कानडा मुलूख कंपनीकडे आला. इंग्लंडात ओकची जंगले संपत आली होती आणि नेपोलियनशी युद्ध चालू होते. जहाजांना साग हवा होता. 1806 साली कंपनीने कॅप्टन वॉटसन याला मलबार-त्रावणकोरकडच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमले. त्याने सागावर जवळपास मक्तेदारी बसवली. खाजगी मालक आणि व्यापारी इतके त्रासले, की मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने 1823 साली ते पदच मोडीत काढले. हाच मन्रो 1818 साली बेळगावच्या किल्ल्यासमोर सैन्य घेऊन उभा होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले आणि आजही ते इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागाच्या टिकाऊपणाचा आणखी दाखला काय द्यावा?

पण मोकळीक फार दिवस टिकली नाही. 1847 साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमण्यात आले. 1862 साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि हल्याळ-दांडेलीची जंगले बेळगाव-धारवाडच्याच सरकारखाली आली. 1878च्या कायद्याने राखीव जंगल आले. ज्या झाडाखाली गुरे चरत होती, त्या झाडाला हात लावायला परवाना लागू लागला. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा जंगलखात्याच्या जाचाचाही त्यांनी पाढा वाचला, तो उगाच नव्हे. जंगलाकाठच्या माणसाला आपल्याच रानातला साग विकत घ्यावा लागला.

त्याच सुमारास ब्रह्मदेशातून साग येऊ लागला. 1863 साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या धंद्यातली मोठी कंपनी. तिच्यावर लाकूड चोरून नेल्याचा आरोप ठेवून ब्रह्मी दरबाराने जबर दंड केला आणि 1885च्या युद्धाला निमित्त मिळाले. राजा थिबा पकडला गेला आणि कोकणात रत्नागिरीला नजरकैदेत आला. 1916 साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला गेलेल्या मुलांना मी नेहमी सांगतो, की या राजाची गोष्ट तलवारीची आहे तशीच सागाच्या ओंडक्यांचीही आहे. आपल्या जुन्या वाड्यांतून अभिमानाने दाखवतात तो 'बर्मा टीक' या इतिहासातून आलेला आहे.

1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. 1880च्या दशकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे बेळगाव-लोंढ्यापर्यंत आली, मुरगाव बंदराची वाट उघडली. लोखंडी गज, विलायती बिजागऱ्या, काच आणि कौले आगगाडीने गावोगाव पोचली. कॅम्पात साहेबांचे बंगले उठले. त्यांच्या खिडक्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या. पण नीट पाहिले तर त्या उघड्या उन्हात कधीच नव्हत्या. चहूबाजूंनी व्हरांडा, खिडकीला काचेच्या आड तिरक्या पट्ट्यांच्या झडपा आणि उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे. वारा आत, ऊन बाहेर. साहेबाने इथल्या ओसरीचेच मोठे रूप केले होते. आपल्या सुताराने, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या बडिगेराने, त्या पट्ट्यांच्या झडपा शिकून घेतल्या आणि शहरातल्या वकील-डॉक्टरांच्या घरांना लावल्या. 1890 ते 1940 या काळातली आपल्या शहरांतली घरे आजही सुखाची वाटतात, त्याचे श्रेय या जोडणीला आहे. लाकूड सागाचे होते म्हणून ती थंड नव्हती.

पोलाद आणि सिमेंट

इंग्लंडात ब्रेनट्री गावच्या फ्रान्सिस क्रिटॉल याने 1884च्या सुमारास धातूच्या खिडक्या करायला घेतल्या. पहिल्या महायुद्धानंतर अशा पोलादी चौकटी जगभर पसरल्या. मुंबईत 1930च्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारती उठल्या तेव्हा सिमेंट-काँक्रीट आणि पोलाद ही नव्या युगाची खूण झाली. 1936 साली एसीसी स्थापन होऊन सिमेंटचा मोठा उद्योग उभा राहिला. मात्र त्या काळच्या स्थापतींनी एक शहाणपण सोडले नाही. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा छज्जा भुवईसारखा पुढे काढलेला असे, आणि तो कोपऱ्यावरून वळत जाई. 2018 साली युनेस्कोने मुंबईच्या या इमारतींना जागतिक वारशात घेतले. ते छज्जे शोभेचे मानले जातात, पण त्यांचे खरे काम सावलीचे.

1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा साग तुटला. स्वातंत्र्यानंतर घरे, शाळा, कचेऱ्या झपाट्याने बांधायच्या होत्या. पोलादी चौकट साच्यातून निघते, कुठेही सारखीच, आणि सुताराची वाट पाहावी लागत नाही. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, खाती बदलली, फलकांवरची भाषा बदलली, पण सरकारी इमारतींची खिडकी सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच राहिली. पोलादी चौकट, आडवे गज, साधी काच. छज्जा होता, पण काटकसरीत दीड फुटावर आला. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि ओसरी गेली.

बॉक्साइटच्या पठारावरून

ॲल्युमिनियमची गोष्ट तर आपल्या घरचीच. 1886 साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी वेगवेगळे काम करून विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली. तोवर तो मौल्यवान धातूंत गणला जाई. भारतात 1938 साली इंडियन ॲल्युमिनियम कंपनी निघाली आणि 1970च्या सुमारास तिचा कारखाना बेळगावला उभा राहिला. पुढे ही कंपनी हिंदाल्कोकडे गेली. कच्चा माल कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पठारांवरचा. एका राज्यातली लाल माती दुसऱ्या राज्यात शुद्ध होते. सीमेचा वाद न्यायालयात असला तरी मालमोटारींना तो अडवत नाही. एक टन ॲल्युमिनियम काढायला सुमारे चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते, आणि विजेच्या टंचाईने इथला धातू काढण्याचा विभाग पुढे बंद झाला. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करण्याचे काम चालू राहिले.

ॲल्युमिनियम घराघरांत शिरले ते 1990 नंतर. त्यामागे लाकडाची अडचण होती. 1980च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तोड कमी झाली. 1993 साली केंद्रीय बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. ही बंदी पुढे 2020 साली उठली. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. 2014 साली म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. जंगलांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण त्याची दुसरी बाजू अशी, की चांगला साग सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आणि सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीने ती जागा घेतली. पाठोपाठ यूपीव्हीसी आले. प्लास्टिकच्या खिडक्या 1950च्या दशकात पश्चिम जर्मनीत निघाल्या. तिथला प्रश्न थंडीचा. घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून घट्ट बंद होणारी खिडकी त्यांना हवी होती. आपल्याला ती उन्हासाठी म्हणून विकली जाते.

मग चौकटीचे काम तरी काय?

इथे थोडे पदार्थविज्ञान. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या सुमारे हजारपट सहज वाहते, पोलादातून तीनशेपटीच्या आसपास. यूपीव्हीसी या बाबतीत लाकडाच्या जोडीला बसते. हे आकडे दुकानात ऐकवतात आणि ते खोटे नाहीत. पण प्रत्यक्ष खिडकीत हा फरक तीन-चारपटीवर येतो, कारण चौकटीच्या दोन्ही अंगांना हवेचा पातळ थर चिकटलेला असतो आणि तोही उष्णतेला अडवतो. शिवाय चौकट म्हणजे खिडकीचा चौथा-पाचवा हिस्सा. बाकीची काच.

आता काचेकडे पाहू. मे महिन्यात दुपारी चारला स्वच्छ आकाश असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे 600 ते 700 वॉट इतके ऊन पडते. साधी काच त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक आत सोडते. म्हणजे एक चौरस मीटर काच खोलीत लहानशा शेगडीइतकी, 500 वॉटची उष्णता ओतते. त्या मापाच्या खिडकीत ॲल्युमिनियमची चौकट लाकडापेक्षा जास्त आणते ती काही दहा-वीस वॉटची भर. पाचशेच्या गळतीकडे पाठ करून आपण विसांवर भांडतो आहोत.

आमच्या शाळेत कौलारू जुनी इमारत आणि स्लॅबची नवी इमारत शेजारी शेजारी आहेत. एप्रिलमध्ये चारच्या तासाला नव्या इमारतीच्या पश्चिमेकडील ॲल्युमिनियमच्या चौकटीला हात लावून ठेववत नाही. जुन्या सागवानी चौकटीला खुशाल लावावा. मुले यावरून म्हणतात, लाकूड थंड. मी त्यांना बाहेर नेऊन दाखवतो, की जुन्या खिडकीवर त्या वेळी ऊनच नसते. पुढे व्हरांडा आहे. नव्या इमारतीपुढे काही नाही. लाकूड कमी तापते हे खरेच, पण निम्मे काम व्हरांड्याचे असते आणि पदक चौकटीला मिळते.

सूर्याची वाटही समजून घ्यावी. बेळगावच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. मधल्या काळात तो मध्यान्ही उत्तरेकडे असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला थोडा छज्जाही पुरतो. खरा शत्रू पश्चिमेचा. ते ऊन तिरपे येते, छज्ज्याखालून शिरते. त्याला बाहेरून लावलेली झडप, पट्ट्यांचा पडदा, वेल किंवा झाडच हवे. आतला पडदा उपयोगी पडतो पण थोडा, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते.

वाऱ्याचे गणितही तसेच. 2018 साली केंद्र सरकारने मोठ्या निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. त्यात कोरड्या उष्ण प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान 10 टक्के, तर उष्ण-दमट प्रदेशात 16.66 टक्के असाव्यात असे म्हटले आहे. शंभर चौरस फुटांची खोली घ्या. चार बाय चारची झडपांची खिडकी सोळाच्या सोळा चौरस फूट उघडते. तेवढीच दोन पल्ल्यांची सरकती खिडकी फक्त आठ उघडते, म्हणजे अथणीच्या मापालाही कमी पडते. कशाची यापेक्षा कशी उघडते, हा प्रश्न मोठा आहे.

मग चौकट कोणतीही चालेल का? नाही. चौकटीने टिकायचे असते, आणि तिथे गाव बदलले की उत्तर बदलते. गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेत साधे पोलाद गंजते. ॲल्युमिनियम तिथे घ्यायचे तर त्यावर चांगला रंगथर हवा. खानापूरच्या पावसात कच्चे लाकूड फुगते आणि पल्ला बसत नाही. तिथे पक्का वाळलेला साग किंवा यूपीव्हीसी बरे. अथणी-विजापूरच्या उन्हात यूपीव्हीसी घ्यायचे तर आपल्या उन्हासाठी बनवलेले, पांढरे घ्यावे. प्लास्टिक उन्हाने वाढतेही फार. दीड मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियमची एक, सागाची त्याहून पुष्कळ कमी. बसवणाऱ्याने फट सोडली नाही तर खिडकी अडकते. ज्यांच्या घरात वातानुकूलन दिवसभर चालते, त्यांना लाकूड, यूपीव्हीसी किंवा मधे उष्णतारोधक पट्टी घातलेले ॲल्युमिनियम यांचा फायदा खरोखर मिळतो. खिडक्या उघड्या ठेवून पंख्याखाली बसणाऱ्यांना तो फार जाणवणार नाही. सिमेंटची चौकट स्वस्त आणि वाळवीमुक्त, पण बिजागरीची जागा एकदा खिळखिळी झाली की दुरुस्ती अवघड.

जुन्या चौकटींचे काय?

अलीकडे गावोगाव जुने वाडे पडताहेत. भावाभावांची वाटणी झाली की पहिला येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. शंभर वर्षांचा साग तो वजनावर नेतो आणि त्याची टेबले, आरशांच्या महिरपी होऊन मोठ्या शहरांच्या हॉटेलांत जातात. त्याच पैशात आपण सरकत्या खिडक्या घेतो, छज्जा नसलेल्या भिंतीला बसवतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र आणतो. विकलेली चौकट पुन्हा मिळत नाही. तेवढ्या वयाचा साग आज तोडायलाही नाही आणि तोडूही नये. म्हणून ज्यांच्याकडे जुन्या चौकटी आहेत त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की वाडा राखणे जमले नाही तरी चौकटी राखाव्यात. उतरवून, वाळवी पाहून, तेलपाणी करून त्या नव्या भिंतीत बसतात. हे काम जाणणारे सुतार आणि बडिगेर आपल्या तालुक्यांतून अजून आहेत. त्यांना काम मिळाले तर त्यांची मुलेही ते शिकतील.

आणि ज्यांना नव्याने बांधायचे आहे त्यांनी चौकटीच्या दुकानात जाण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चार वाजता आपल्या प्लॉटवर उभे राहावे. ऊन कुठून येते ते पाहावे. पश्चिमेला खिडकी लहान ठेवावी, छज्जा दोन-अडीच फूट काढावा. आपल्या पूर्वभागात शहाबादी फरशीचा छज्जा अजूनही स्वस्तात होतो. बाहेरून झडप लावता आली तर उत्तम. पल्ले पूर्ण उघडणारे घ्यावेत. पश्चिमेच्या कुंपणाला एक कडुलिंब लावावा. हा खर्च घरमालकाच्या हाती नकाशावरच ठरतो, नंतर ठरत नाही. एवढे झाल्यावर चौकट सागाची, पोलादाची, ॲल्युमिनियमची की यूपीव्हीसीची, हे आपल्या गावचा पाऊस आणि आपला खिसा पाहून खुशाल ठरवावे.